निरोप पोचायला हवा

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. ही बातमी बाहेर आली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीची बस घेऊन तो तिथे पोचला, तर गावाच्या जागी चिखलाचा ढीग होता. दीडशेहून अधिक माणसे त्या ढिगाखाली गेली. डोंगरावर पाऊस कोसळत होता, पाणी आत मुरत होते आणि मातीच्या कणांमधला दाब वाढत होता. हे सगळे मोजता येते. ते मोजून दूरवर कळवणारी साधनेही तेव्हा होती, आणि ती परदेशातच होती असेही नाही. याच सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळमधल्या मुन्नारच्या एका उतारावर ती माळीणच्या आधी काही वर्षांपासून काम करत होती.

या साधनांना वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणतात. मराठीत बिनतारी संवेदकांचे जाळे म्हणता येईल, पण बांधावर आणि कार्यशाळेत सगळे ‘सेन्सर’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. ही साधने आता द्राक्षबागेत आहेत, रेल्वेच्या पुलांवर आहेत, गाडीच्या टायरमध्ये आणि मधुमेही माणसाच्या दंडावरही आहेत. मोजणे स्वस्त झाले आहे. मोजलेले योग्य माणसापर्यंत वेळेवर पोचवणे आणि मोजणारे यंत्र वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे मात्र अजून महाग आहे. या तंत्राचे पुढे काय होणार, हे माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीवर ठरेल.

आधी यंत्र पाहू. जाळ्यातल्या एका घटकाला नोड म्हणतात. त्यात चार गोष्टी असतात: काहीतरी मोजणारा सेन्सर, आकडे हाताळणारी छोटी चिप, रेडिओ आणि बॅटरी. वीज नाही, तार नाही, शेजारी माणूस नाही अशा जागी तो महिनोन्‌महिने टिकायला हवा. म्हणून त्याची सगळी रचना बॅटरीभोवती फिरते. साधा हिशेब करून पाहा. नेहमीच्या पेन्सिल सेलची क्षमता अडीच हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. नोडचा रेडिओ चालू असताना साधारण वीस मिलिअँपिअर खातो. तो अखंड चालू ठेवला तर सेल पाच दिवसांत संपेल. पण नोड दर पंधरा मिनिटांनी एकच सेकंद जागा झाला, मोजमाप घेऊन कळवले आणि पुन्हा झोपला, तर सरासरी खर्च हजार पटीच्या जवळपास कमी होतो आणि कागदावर तोच सेल अनेक वर्षे पुरतो. प्रत्यक्षात ऊन, दमट हवा आणि सेलची आपोआप होणारी झीज यांमुळे ती वर्षे कमी होतात. तरी तत्त्व तेच राहते: चांगला नोड आपले जवळजवळ सगळे आयुष्य झोपेत काढतो.

दुसरी युक्ती अंतराची. मोकळ्या आकाशात रेडिओलहरींना दुप्पट लांब जायचे असेल तर चौपट शक्ती लागते. जमिनीलगत, झाडाझुडपांतून आणि चढउतारांवरून जायचे तर हिशेब आणखी बिघडतो आणि शक्ती साधारण सोळा पट लागते. म्हणजे मध्ये एक नोड ठेवून तेच अंतर दोन टप्प्यांत कापले, तर प्रत्येक टप्प्याला सोळावा हिस्सा आणि दोन्ही मिळून आठवा हिस्सा शक्ती पुरते. स्लॅब टाकताना घमेली जशी हातोहात पुढे जातात, तसा निरोप एका नोडकडून दुसऱ्याकडे जात अखेरच्या मोठ्या यंत्रापर्यंत पोचतो. त्याला गेटवे म्हणतात. तिथून पुढे मोबाइलचे जाळे, इंटरनेट किंवा उपग्रह. मधला एखादा नोड बंद पडला तर उरलेले नोड आपसांत नवी वाट शोधतात.

या कल्पनेचा एक पूर्वज लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हो चि मिन्ह मार्गावर विमानांतून आवाज आणि जमिनीची कंपने टिपणारे सेन्सर टाकले होते. आजच्या रूपाला वळण मिळाले ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. ख्रिस पिस्टर यांनी १९९७ मध्ये ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना मांडली: धुळीच्या कणाएवढे, स्वतः मोजणारे आणि एकमेकांशी बोलणारे संगणक. त्यालाही पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने दिला. धुळीएवढे नोड काही लगेच झाले नाहीत, पण काडेपेटीएवढे झाले. २००२ च्या उन्हाळ्यात असे ३२ नोड मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक बेटावर बसवले गेले. तिथे स्टॉर्म पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात. बिळात हात घालून पाहिले तर पक्षी बिथरतो आणि घरटे सोडूनही जातो. नोड बिळाच्या आत राहून तापमान आणि दमटपणा कळवत राहिले. पक्ष्याला त्रास न देता त्याच्या घरातली हवा कळली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्र कुठे बसवायचे हे तिथे पक्ष्याच्या सोयीने ठरले.

तीन वर्षांनी इक्वाडोरमधल्या रेव्हेंटाडोर या जागत्या ज्वालामुखीवर हार्वर्डच्या गटाने १६ नोडांची तीन किलोमीटर लांब रांग मांडली. १९ दिवसांत तिने दोनशेहून अधिक स्फोट आणि हादरे टिपले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सत्तर मीटर उंच रेडवूड वृक्षावर दर दोन मीटरला एक असे नोड बांधून, एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या भागात हवा किती वेगळी असते हे पाहिले गेले. एका झाडात इतके फरक असतील, तर तालुक्याला एक हवामान केंद्र ठेवून शेतातली हवा कशी कळणार?

नाशिकच्या द्राक्षबागेत हाच प्रश्न रोजचा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे दिवस बागायतदार जीव मुठीत धरून काढतो, कारण याच दिवसांत डाऊनी हा रोग येतो. डाऊनीच्या बीजाणूला उगवायला पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकून राहावा लागतो आणि तापमानही जुळावे लागते. पाऊस किती झाला यापेक्षा पान किती वेळ ओले राहिले हा आकडा इथे कामाचा असतो. तो आकडा हाताशी नसेल, तर आभाळ भरून आले की फवारणी, दव पडले की फवारणी, शेजाऱ्याने मारली म्हणून आपणही, असे चालते. खर्च वाढतो आणि औषधाचे अवशेष मण्यात राहतात. युरोपच्या बाजारात अवशेषांची तपासणी किती कडक असते, हे २०१० मध्ये सगळ्या बागायतदारांनी अनुभवले. तेव्हा भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे. ते बुरशीनाशक नव्हते, वाढ रोखणारे रसायन होते. पण त्यानंतर मण्यात काय उरते याची धास्ती प्रत्येक फवारणीला चिकटली.

पान ओले आहे का, हे सांगणारा सेन्सर दिसायला अगदी साधा असतो. पानासारखी एक चपटी पट्टी वेलीच्या पसाऱ्यात बांधतात. तिच्यावर पाण्याचा थेंब बसला की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात, आणि नोड तो बदल वेळेसकट नोंदवतो. आयआयटी मुंबईतल्या प्रा. उदय देसाई यांच्या गटाने ‘ॲग्रीसेन्स’ या प्रकल्पात असे जाळे नाशिकच्या सुला वायनरीच्या बागेत बसवून पाहिले होते. तेव्हा तो संशोधनाचा विषय होता. आज बंगळूरच्या ‘फसल’सारख्या कंपन्यांची यंत्रे नाशिक भागातल्या बागांत खांबावर उभी दिसतात आणि डाऊनीचा, भुरीचा धोका किती आहे ते बागायतदाराच्या मोबाइलवर कळवतात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसात असाच प्रयोग हाती घेतला. तिथे मातीतले सेन्सर, हवामान यंत्र आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र करून पाणी आणि खत किती द्यायचे याचा सल्ला दिला जातो.

मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर जास्त नाजूक असतो. तो ओलावा थेट मोजत नाही. मातीचा विद्युत गुणधर्म मोजतो आणि त्यावरून ओलावा ताडतो. ज्या मातीत तो जुळवून घेतला तिथे तो खरे बोलतो, मुरमाड जमिनीत जुळवलेला काळ्या जमिनीत नेला की चुकतो. शिवाय आपली भारी काळी जमीन सुकताना भेगाळते. भेग सेन्सरच्या बाजूने गेली तर त्याचा मातीशी संबंध तुटतो. तो हवाच मोजतो आणि जमीन होती त्याहून कोरडी दाखवतो. त्यावर विसंबून ठिबक सोडले तर पाणी वाया जाते. सेन्सर विकणारा आणि बसवणारा यांनी हे शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. पेरणीच्या वेळी स्पष्ट ऐकू येणारा रेडिओही पीक उंच झाल्यावर क्षीण होतो, कारण पाण्याने भरलेली पाने २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेतात.

हे अनुभवानेच कळते, आणि सगळ्यात प्रामाणिक अनुभव नेदरलँड्समधून आला. २००५ च्या सुमारास डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात करप्याचा अंदाज घेण्यासाठी शंभरावर नोडांचे जाळे बसवायला घेतले. प्रयोग जवळजवळ पूर्ण फसला. अपेक्षित नोंदींचा अगदी थोडा अंश हाती आला. नोड पुन्हापुन्हा बंद पडत, वाटा शोधता शोधता बॅटरी संपवत, आणि नेमके काय बिघडले ते शेतात उभे राहून कळत नसे. प्रा. कून लांगेनडून आणि सहकाऱ्यांनी हे अपयश सविस्तर लिहून प्रसिद्ध केले, आणि तो शोधनिबंध या क्षेत्रात आजही आवर्जून वाचला जातो. आपल्याकडे शेतीतल्या सेन्सरांच्या यशोगाथा पुष्कळ छापल्या जातात. बंद पडलेल्या यंत्रांची अशी नोंद कुणी ठेवली, तर पुढच्या शेतकऱ्याचे पैसे वाचतील.

आकड्यांना पैशाचेही वजन असते. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई या केंद्रांच्या नोंदींवर ठरते. एका मंडळात अनेक गावे येतात. अवकाळी पाऊस एका शिवारात पडतो आणि केंद्र दुसऱ्या गावात असते. मग ज्याच्या बागेचे नुकसान झाले त्याच्याकडे पुरावा नसतो आणि यंत्राकडे नोंद नसते. गावागणिक स्वस्त नोडांचे जाळे उभे राहिले तर ही तक्रार कमी होईल, पण त्या नोडांची दरवर्षी तपासणी कोण करणार हे ठरल्याशिवाय विमा कंपनी त्यांचा आकडा मानणार नाही. आणि तिने तो मानू नये हे बरोबरच आहे.

आता डोंगराकडे येतो. शेतात चुकीचा आकडा आला तर एक फवारणी वाया जाते. डोंगरावर त्याचा अर्थ फार वेगळा असतो.

उतारावरची माती जागेवर राहते ती कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात म्हणून. त्या दाबातून घर्षण येते आणि घर्षणामुळे उतार टिकतो. पाऊस लांबला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. खाली कातळ असेल तर पाण्याला निघायला वाट नसते, आणि ते मातीचे वजन स्वतःवर घेऊ लागते. कणांचा एकमेकांवरचा दाब घटतो, घर्षण घटते आणि एका मर्यादेनंतर उतार सुटतो. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात हे गणित मांडले. म्हणून दरडीची चाहूल घ्यायची तर पावसाच्या आकड्यावर थांबून चालत नाही, जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा दाब कळायला हवा.

मुन्नारच्या अँथोनियार कॉलनीजवळच्या उतारावर अमृता विद्यापीठाच्या डॉ. मनीषा रमेश यांच्या गटाने हेच केले. उताराला खोल भोके पाडून त्यांत पाण्याचा दाब मोजणारे, उताराचा कल मोजणारे आणि कंपने टिपणारे सेन्सर सोडले. सगळे मिळून ते सुमारे दीडशे आहेत. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी बिनतारी नोड. तिथून निरोप टप्प्याटप्प्याने डोंगर उतरतो आणि उपग्रहामार्गे कोल्लम जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या विद्यापीठात जातो. कोरड्या दिवसांत नोड क्वचित जागे होतात, पाऊस वाढला की मोजण्याचा वेग वाढतो. म्हणजे बॅटरी वाचवून ठेवायची आणि खरी गरज असेल तेव्हा खर्चायची. इशाऱ्याचे तीन टप्पे आहेत: पहिला सावध करणारा, दुसरा धोका वाढल्याचा, तिसरा दरड आता येणार असे सांगणारा. २००९ च्या जुलैत मुसळधार पावसात या यंत्रणेने इशारा दिला आणि प्रशासनाने रहिवाशांना जागा सोडायला सांगितले.

अशी खोल भोके पाडणे खर्चाचे आहे. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीच्या वर ते होणार नाही. त्याला दुसरा रस्ता आयआयटी मंडीने दाखवला. मोबाइल उभा-आडवा केला की पडदा फिरतो तो त्यातल्या इवल्याशा त्वरणमापकामुळे. तसलीच स्वस्त चिप आणि ओलाव्याचा सेन्सर जमिनीत बसवून हिमाचलमधल्या दरडींच्या जागी त्यांनी यंत्रे उभी केली. माती सरकली की रस्त्यावर दिवे लुकलुकतात आणि भोंगा वाजतो. पोटातला दाब या यंत्राला तितका नीट कळत नाही, हालचाल सुरू झाल्यावरच ते बोलते, त्यामुळे मिळणारा वेळही कमी असतो. पण रस्त्यावरच्या वाहनाला थांबवायला काही मिनिटेही पुरतात.

झोपलेल्या वाडीला मात्र ती पुरत नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथे गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावे लागले. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, देशभरातल्या पुष्कळ मोबाइलवर मोठा आवाज करत आपत्कालीन इशाऱ्याचा चाचणी संदेश आला. ते तंत्र उत्तम आहे. एका टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनना ते एकाच वेळी जागे करते आणि त्यासाठी कुणाचा नंबर लागत नाही. पण जिथे टॉवरचा सिग्नल पोचत नाही, किंवा पावसात वीज गेल्यावर टॉवरच बंद पडतो, तिथे ते निकामी आहे. नेमक्या अशाच वाड्या डोंगराच्या सगळ्यात जवळ आहेत. त्यांना वाडीतच वाजणारा, सौर बॅटरीवरचा भोंगा लागेल.

केरळमधल्या वायनाडने तर आणखी कठीण धडा दिला. ३० जुलै २०२४ ला मुंडक्कई आणि चुरलमला इथे दरड आली. कल्पेट्टाचे ह्यूम सेंटर त्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे पर्जन्यमापकांचे दाट जाळे चालवते. त्यातल्या पुष्कळशा नोंदी स्थानिक माणसे स्वतः वाचून मोबाइलवर पाठवतात. या नोंदींवरून केंद्राने आदल्या दिवशीच प्रशासनाला धोक्याची कल्पना दिल्याचे वृत्त आले. म्हणजे मोजमाप होते, अर्थ लावणारेही होते. तरी शेकडो माणसे गेली, कारण इशाऱ्यापासून घर सोडण्यापर्यंतचा रस्ता आखलेला नव्हता: कोणत्या आकड्याला कोणती वाडी हलवायची, रात्री दार कोण ठोठावणार, जनावरांचे काय करायचे, निवारा कुठे. हे रस्ते आधी आखलेले नसतील तर दुप्पट सेन्सर लावूनही फरक पडणार नाही.

हा रस्ता नीट आखलेली एक यंत्रणा आपल्याकडेच आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या काही पावसाळ्यांनी फार मोठी किंमत घेतली. २२ जून २००३ च्या वैभववाडीजवळच्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. आज या मार्गावर ठिकठिकाणी स्वतः नोंद करणारे पर्जन्यमापक आहेत. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीपासून कारवार आणि उडुपीपर्यंत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीजवळचा उंच पानवल पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजला जातो. महत्त्वाचे हे की प्रत्येक आकड्याला एक ठरलेली कृती जोडलेली आहे. मुसळधार पावसात दिसेनासे झाले की गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर येतो, पाणी किंवा वारा मर्यादेपलीकडे गेला की गाडी थांबते. हे ठरवायला कुणाची बैठक बसत नाही. आणि इतके असूनही पावसाळ्यात सहाशेहून अधिक कर्मचारी रुळांवर दिवसरात्र गस्त घालतात. यंत्राला न दिसणारा दगड माणसाला दिसतो हे त्या रेल्वेला ठाऊक आहे. गावांसाठी काही उभारायचे असेल तर मी हाच नमुना समोर ठेवीन.

शहरात आणि घरात या जाळ्यांचे काम इतके जिवावरचे नाही. तिथे ती जवळजवळ अदृश्य आहेत. नव्या मोटारींच्या टायरमधला दाब सांगणारा सेन्सर हा कित्येकांच्या आयुष्यातला पहिला बिनतारी सेन्सर. मधुमेहींच्या दंडावरची छोटी चकती त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी फोनला कळवते. बोट टोचून दिवसातून दोनदा कळणारी साखर आणि रात्री झोपेत उतरत जाणारी साखर यांतला फरक ज्या घरात लहान मूल इन्सुलिनवर आहे त्यांना विचारावा. हवेच्या प्रदूषणाची स्वस्त यंत्रे आता गल्लोगल्ली लागत आहेत. ती लेझरचा किरण कणांवर किती विखुरतो ते पाहतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि ही यंत्रे प्रदूषण आहे त्याहून जास्त दाखवतात. धुक्याच्या पहाटेचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवावे.

या जाळ्यांची एक काळजीची बाजू आहे. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की टायरमधला सेन्सर पाठवत असलेला ओळखक्रमांक धावत्या गाडीपासून चाळीस मीटरवरूनही वाचता येतो. म्हणजे टायरचा दाब सांगणारी वस्तू गाडीची हजेरीही सांगते. विजेच्या मीटरचे तसेच. एमआयटीतल्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केले की घराच्या एकूण वीजवापराच्या चढउतारावरून फ्रिज कधी सुरू झाला, पंप कधी लागला हे वेगळे काढता येते. यातून घरात कोण कधी असते यावर पाळत ठेवता येईल, असा इशारा त्यांनी स्वतःच १९८९ मध्ये लिहून दिला. आपल्याकडे स्मार्ट मीटरवरून झालेल्या वादात बिलाची चर्चा पुष्कळ झाली. दर काही मिनिटांची नोंद कोणाकडे राहील, किती दिवस राहील, कोणाला दाखवली जाईल, ही चर्चा तितकी झाली नाही. ती व्हायला हवी. शेतातल्या सेन्सरलाही हेच लागू आहे. माझ्या बागेत डाऊनी कधी आला, माल किती निघणार, हे मला कळण्याआधी खरेदीदाराला कळत असेल तर सौद्याला बसताना माझा हात खालीच राहणार.

पुढे काय येऊ घातले आहे? एक बदल सुरू झालाच आहे. लोरा नावाच्या रेडिओपद्धतीत निरोप अतिशय सावकाश पाठवतात, आणि त्या बदल्यात तो मोकळ्या रानात काही किलोमीटर जातो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना खुला असल्यामुळे गावात एक गेटवे उंच जागी बसवून शिवारभरचे नोड जोडता येतात, मधल्या साखळीची गरज उरत नाही. दुसरा बदल बॅटरीच टाळण्याचा. वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ मध्ये दाखवलेल्या एका पद्धतीत नोड स्वतः लहरी निर्माण करत नाही. टीव्ही केंद्राच्या हवेत असलेल्याच लहरी तो कमी-जास्त परावर्तित करून बोलतो, आणि त्यांतूनच वीजही मिळवतो. त्याच विद्यापीठाने २०२२ मध्ये म्हातारीच्या बीसारखे वाऱ्यावर तरंगत जाऊन पडणारे, सौर ऊर्जेवरचे, बॅटरीविना चालणारे सेन्सर तयार केले. एकेकाचे वजन सुमारे तीस मिलिग्रॅम. पिस्टर यांची धूळ आता खरोखर दिसू लागली आहे. तिसरा बदल असा की चिप स्वस्त आणि शहाणी होत आहे. सगळे आकडे पाठवण्याऐवजी नोड स्वतःच ‘हे नेहमीचे नाही’ हे ओळखून तेवढेच कळवतो. बॅटरी वाचते आणि घरातली खाजगी नोंद घराबाहेर जाण्याची गरजही कमी होते. मला या तिसऱ्या बदलाची आशा सगळ्यात जास्त आहे.

वाऱ्यावर सोडलेल्या सेन्सरांची मात्र मला धास्ती आहे. लाखो सेन्सर रानात टाकले तर ते वेचणार कोण? बॅटरी नसली तरी धातू आणि प्लॅस्टिक उरतेच. शेतात खांबावर असलेल्या नोडांमधले लिथियम सेलही आज बांधावरच पडतात.

म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत अशी जाळी उभारायची ठरली, तर निविदेत यंत्रांच्या किमतीइतकीच रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी लिहिलेली असावी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलामुलींना त्याचे रीतसर पगारी काम द्यावे. सेल बदलणे, भोकातले पाणी तपासणे, सेन्सर पुन्हा जुळवणे, जुने सेल परत जमा करणे. सगळी नोंद ग्रामपंचायतीच्या ताब्यात आणि सर्वांना पाहता येईल अशी असावी, म्हणजे कंपनी बदलली किंवा वर्गणी थकली तरी यंत्र मुके होणार नाही. कोणत्या आकड्याला वाडी हलवायची हे ग्रामसभेत ठरावे, आणि मे महिन्याच्या अखेरीस एकदा भोंगा वाजवून सगळ्यांनी, म्हाताऱ्या माणसांना आणि जनावरांना घेऊन, निवाऱ्याच्या जागेपर्यंत चालून पाहावे. पोचायला किती मिनिटे लागली तो आकडा लिहून घ्यावा. इशारा किती आधी मिळायला हवा, आणि म्हणून डोंगरावर स्वस्त त्वरणमापक पुरेल की खोल भोके पाडावीच लागतील, ते त्या आकड्यावरून ठरवता येईल.